एका ताटातल्या सहा पट्ट्या

"थांबा! लाल दिवा!"

मास्तरीण ओरडली खरी, पण आवाज न काढता, नुसते ओठ हलवून आणि डोळे वटारून. दोरी फिरवणारे हात जागच्या जागी थिजले आणि मधोमध उडी मारायला निघालेली भिंगरी एका पायावर उभी राहिली, बगळ्यासारखी.

आत्याकडे सुट्टीला यायचं तर हा एक नियम पाळावाच लागे. कोपऱ्यातल्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागला, की अख्ख्या घराने मुकं व्हायचं. पंखे बंद, नळ बंद, हसणं बंद! कारण आत दाराखिडक्यांवर जुन्या रजया टांगलेल्या त्या खोलीत आत्या माईकसमोर बसून पुस्तकं वाचायची. अंध मुलांच्या शाळेसाठी ती विज्ञानाचं अख्खं पुस्तक आवाजात भरत होती. सोमवारी इथल्या शाळा उघडणार होत्या, भिंगरीच्या गावची त्यानंतर आठवड्याने. शनिवारी संध्याकाळपर्यंत पुस्तक पोचलं नाही, तर बाकीच्या शाळांतली मुलं नवीकोरी पुस्तकं उघडणार आणि ही मुलं नुसती बसून राहणार.

आणि आज बुधवार होता.

तेरा वर्षांच्या भिंगरीला हा लाल दिवा म्हणजे शिक्षाच वाटायची. तिचं नाव भिंगरी उगाच नव्हतं पडलं. जेवताना तिचा पाय हलायचा, झोपेतही ती पलंगाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायची. तिच्या मागोमाग जाणारी दहा वर्षांची धाकटी बहीण म्हणजे शेपूट. आत्याचा मुलगा ठोंब्या या दोघींपेक्षा मोठा, पण अंगाने आणि बोलण्याने सावकाश. शेजारची मास्तरीण भिंगरीच्याच वयाची. पत्त्यांत हरतानासुद्धा ती समोरच्याच्या चुका काढायची.

"माझा पाय दुखतोय," भिंगरी कुजबुजली.

"मग खाली ठेव ना!" ठोंब्या कुजबुजला.

"खाली ठेवला की मला उडी मारावीशी वाटते!"

शेपटाला हसू आवरेना. तिने तोंडात दोरीच कोंबली. तेवढ्यात आतून आवाज आला.

"अगं बाई! परत?"

लाल दिवा विझला. दार उघडलं. आत्याचे केस विस्कटलेले, चष्मा कपाळावर.

"हृदयाचा धडा! शेवटच्या पानावर होते मी! स्क्रीन निळा झाला आणि सगळं गेलं! तिसऱ्यांदा!" मग ती एकेकाकडे बघत गेली आणि तिची नजर भिंगरीवर येऊन थांबली. "खरं सांग. तू हात लावलास का कॉम्प्युटरला?"

"मी? नाही गं आत्या!"

"गेम वगैरे टाकलास का?"

"शप्पथ नाही!"

आत्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. 'घरात काही मोडलं की हात कुणाचा असतो ते माहीत आहे' असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. भिंगरीचे कान गरम झाले. कधी नव्हे ती अगदी सरळ उभी राहिली.

*

तासाभरात 'होऊनजाईल काका' आले. मुलांनीच ठेवलेलं नाव ते! कोपऱ्यावर त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असायचं.

"होऊन जाईल, ताई! होऊन जाईल!" काकांनी बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. आत्याने एक छोटा धडा उघडला, तो छान वाजला. "बघा! झालं की!"

मग आत्याने पुन्हा हृदयाचा धडा भरायला घेतला. पाच मिनिटांत स्क्रीन निळा!

काकांनी डोकं खाजवलं. कॉम्प्युटरच्या डब्याला दोन चापट्या मारल्या. हो, डब्यालाच! दुसऱ्याच्या डोक्यात मारावी तशी चापट. "मग व्हायरस असणार. घरात मुलं आहेत ना? सुट्टी आहे ना? झालं तर! नाहीतर मग मदरबोर्ड गेला. नवा मागवतो. पुढच्या आठवड्यात येईल."

"पुढच्या आठवड्यात? अहो, मला शनिवारी द्यायचंय!"

"होऊन जाईल!"

"काय होऊन जाईल? काही तपासून तरी बघा!"

"मेमरी तपासायचा एक प्रोग्रॅम असतो, पण तासन्‌तास चालतो तो. कोण बसणार त्याच्यापुढे?" असं म्हणत काका निघालेसुद्धा.

आत्याने खोलीला कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली. "या खोलीत कुणीही जायचं नाही. भिंगरे, तू तर मुळीच नाही."

त्या दुपारी भिंगरीने गॅलरीत इतक्या येरझारा घातल्या, की मास्तरीण म्हणाली, "फरशीला खड्डा पडेल."

"पडू दे! मी काही केलेलं नाही आणि तरी माझं नाव! ठोंब्या, बोल ना काहीतरी!"

ठोंब्याने तोंडातला घास सावकाश संपवला. "छोटे धडे नीट होतात. मोठा धडा घेतला की कॉम्प्युटर बिघडतो."

"म्हणजे?"

"म्हणजे व्हायरस नसावा. व्हायरसला काय छोटं, काय मोठं?"

भिंगरी थांबली. चक्क थांबली! "ठोंब्या, तू दिवसातून एकदाच बोलतोस, पण काय बोलतोस रे!"

*

गुरुवारी सकाळी शेपटाची दाढ दुखायला लागली. आत्या डोक्याला हात लावून बसलेली, म्हणून चौघं मिळूनच दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेली. डॉक्टरबाईंनी दाढेचा फोटो काढला आणि स्क्रीनकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"हे बघा! दाढ आहे की झेब्रा?"

खरंच, स्क्रीनवरच्या दाढेवर आडवे काळे-पांढरे पट्टे होते! शेपटाचा चेहरा रडवेला झाला. "माझ्या दाढेला पट्टे आलेत?"

"तुझी दाढ ठीक आहे गं, माझा कॉम्प्युटर बिघडलाय. साफसफाई करून आणल्यापासून वेड्यासारखा वागतोय."

भिंगरीचा हलणारा पाय थांबला. "साफसफाई? कुणाकडून?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून. ते नाही का, होऊन जाईल, होऊन जाईल म्हणतात ते!"

बाहेर आल्या आल्या भिंगरीने मास्तरणीचा दंड धरला. "आत्याचाही कॉम्प्युटर मागच्या आठवड्यात साफसफाईला गेला होता! धूळ काढायला!"

"दंड सोड. दोन उदाहरणांवरून नियम काढता येत नाही."

"मग तिसरं शोधू!"

तिसरं शोधायला लांब जावंच लागलं नाही. मास्तरणीच्या आजोबांचा छापखाना त्याच रस्त्यावर होता. शाईचा वास, कागदांचे गठ्ठे आणि मधोमध आपल्या कॉम्प्युटरशी भांडत बसलेले आजोबा. बटण दाबलं की डबा ओरडायचा, "पीं! पीं! पीं!" आणि गप्प बसायचा. आजोबा पुन्हा बटण दाबायचे. "पीं! पीं! पीं!"

"हा मला शिव्या देतोय," आजोबा म्हणाले. "इतकी वर्षं निमूट काम केलं याने. जुना आहे, पण प्रामाणिक! आणि मागच्या आठवड्यात जरा धूळ काढून आणली तर हे असं. चौथ्या-पाचव्या वेळेला कधीतरी लागतो."

"आजोबा," भिंगरीने श्वास रोखून विचारलं, "धूळ कुणी काढली?"

उत्तर ऐकायच्या आधीच चौघांनी एकमेकांकडे बघितलं होतं!

*

होऊनजाईल काकांचं दुकान म्हणजे वायरींचं जंगल. टेबलावर तीन डबे उघडे पडले होते. शिकवणीच्या क्लासचे होते ते, दुपारी परत जायचे होते. काका एका डब्यात डोकं घालून बसले होते.

"काका, आम्हाला कंटाळा आलाय. मदत करू का?" भिंगरी म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं. कंटाळा तिला कायमच आलेला असायचा!

"या, या! हे बघा." काकांनी डब्यातल्या हिरव्या बोर्डावरून बोटभर उंचीची एक लांब पट्टी काढली. तिच्या एका काठावर सोनेरी दातांची रांग होती. "ही रॅम. कॉम्प्युटरची मेमरी. दातांवर मळ बसतो, मग बोर्डाशी बोलणं होत नाही. म्हणून खोडरबराने घासायचं."

"म्हणजे तुम्हीपण दातांचे डॉक्टर!" शेपूट म्हणाली. काका खूश झाले.

"पण रॅम करते काय?" मास्तरणीने विचारलं.

"सोपं आहे. स्वयंपाकघरात कपाट असतं आणि ओटा असतो. सामान कपाटात, पण चिरायचं, मळायचं ते ओट्यावरच ना? रॅम म्हणजे ओटा! काम जेवढं मोठं, तेवढा ओटा जास्त लागतो."

ठोंब्याने भिंगरीकडे बघितलं. छोट्या धड्याला थोडाच ओटा पुरतो. मोठा धडा ओटाभर पसरतो. आणि ओट्याचा काही भाग डगमगत असेल तर?

काका बोलता बोलता भराभर पट्ट्या उपसत होते. एका डब्यातून दोन. दुसऱ्यातून दोन. तिसऱ्यातून दोन. आणि सगळ्या कशात टाकत होते? एका मोठ्या स्टीलच्या ताटात! एकावर एक, भजी तळून काढावीत तशा!

भिंगरी ताटावर वाकली. "काका, यातली कुठली कुणाची, ते कसं कळतं?"

"कळायचंय काय त्यात? सगळ्या सारख्या! ही बघ खाच. खाच जुळली, पट्टी बसली, की झालं. तीस वर्षं हेच करतोय. होऊन जाईल!"

तेवढ्यात फोन वाजला आणि काका बोलत बोलत दाराशी गेले.

"आता काय करायचं?" मास्तरीण कुजबुजली. "ताटात तर गेल्या!"

"गेल्या, पण ओळीने," ठोंब्या म्हणाला. "वरच्या दोन तिसऱ्या डब्यातल्या. त्यांच्याखालच्या दुसऱ्यातल्या. तळाच्या पहिल्यातल्या. मी बघत होतो."

"ठोंब्या, आजही एकदाच बोललास, पण काय बोललास!" भिंगरीने शेपटाच्या खिशातली स्केचपेनं ओढून काढली. प्रत्येक पट्टीवर कागदाचं पांढरं लेबल होतं. त्याच्या कोपऱ्यात तिने ठिपके दिले. पहिल्या डब्याच्या दोघींना लाल, दुसऱ्याच्या दोघींना निळा, तिसऱ्याच्या दोघींना हिरवा. घाईतही ठिपके गोल आले.

काका परत आले. खोडरबर फिरवला, फुंकर मारली आणि हाताला येईल ती पट्टी दिसेल त्या डब्यात खटकन बसवली. एकदाही लेबलाकडे बघितलं नाही! बघितलं असतं, तर एवढे ठसठशीत ठिपके दिसले नसते का?

मुलांना मात्र सगळं दिसत होतं. लाल आणि निळा एका डब्यात! शेपूट ओरडणारच होती, मास्तरणीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

*

"पण ते चालू तर होतात ना!" परत आल्यावर मास्तरीण म्हणाली. "क्लासचे तिन्ही कॉम्प्युटर सुरू झाले. काकांनी दाखवलं आपल्याला. मग अदलाबदल झाली तर बिघडलं कुठे?"

भिंगरीला बसवेना. "दोरी काढा! मला उड्या मारल्याशिवाय सुचत नाही."

एका टोकाला ठोंब्या, दुसऱ्याला शेपूट. दोन दोऱ्या, आलटून पालटून. ठोंब्या आपला सावकाश फिरवतोय आणि शेपूट भराभर! भिंगरी तीनदा उडाली, चौथ्यांदा दोरीत पाय अडकून धप्पकन पडली.

"शेपटे, हळू! नाहीतर ठोंब्या, तू तरी भराभर फिरव! दोघं एका चालीने..."

ती पडल्या पडल्याच ओरडली, "हेच!"

"काय हेच?"

"लेबलांवर आकडे होते! लाल ठिपकेवालीवर मोठा आकडा होता आणि निळीवर छोटा. तो वेग असणार! दोघींना खाच एकच, म्हणून बसतात. पण एक धावणारी आणि एक चालणारी! थोडं काम असलं तर तीन उड्या होतात. मोठं काम आलं की..."

"धप्पकन!" शेपूट म्हणाली.

"आणि उडी मारणाऱ्यालाच ओरडा बसतो," भिंगरी म्हणाली. गुडघा खरचटला होता, पण तिचं लक्षच नव्हतं.

*

शुक्रवारी सकाळी आत्या स्वयंपाकघरात बसली होती. समोरचा चहा गार झालेला. ती शाळेला फोन करणार होती, पुस्तक मिळणार नाही म्हणून.

"आत्या, फोन करू नकोस. आधी आमच्याबरोबर दुकानात चल."

"भिंगरे, आत्ता नको गं."

"फक्त एकदा! चूक ठरले तर उद्याच्या उद्या घरी परत जाते. सुट्टी संपली माझी."

आत्याने मान वर केली. भिंगरी हलत नव्हती. हात बाजूला, पाय जमिनीला चिकटलेले. आत्याने एवढी निश्चल भिंगरी जन्मात बघितली नव्हती. ती उठली आणि तिने कमरेची किल्ली काढली.

दुकानासमोर मग छोटी मिरवणूकच जमली! ठोंब्याच्या हातात आत्याचा डबा. मागे डॉक्टरबाई आणि त्यांचा डबा. आजोबांचा डबा हातगाडीवर आणि आजोबा त्याला धरून, आजाऱ्याला धरावं तसे. क्लासचे डबे न्यायला आलेला शिपाईसुद्धा थांबून बघायला लागला. काल दुपारी न्यायचे ते डबे त्याच्या आळसामुळे अजून दुकानातच होते. कुणाच्या आळसाचा कधी फायदा होईल, सांगता येत नाही!

"अरे वा, सगळी मंडळी!" काका म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा चिरका निघाला.

"काका, साफसफाई करताना तुम्ही रॅमच्या पट्ट्यांची अदलाबदल करता का?" भिंगरीने विचारलं.

"छे! ज्याची त्याला! तीस वर्षांत कधी चूक नाही."

"मग क्लासचे हे तीन डबे उघडता? एका डब्यातल्या दोन्ही पट्ट्यांवर लाल ठिपके असतील, एकातल्या दोन्हींवर निळे, एकातल्या दोन्हींवर हिरवे. तसं असलं तर मी सगळ्यांसमोर कान पकडते."

काका हसले. पेच काढले. पहिला डबा उघडला.

लाल आणि निळा.

दुसरा उघडला. हिरवा आणि लाल. तिसरा उघडायची गरजच नव्हती, तरी शेपटाने वाकून बघितलं आणि जाहीर केलं, "निळा आणि हिरवा! लेबलाच्या कोपऱ्यात बघा, काका! माझं स्केचपेन आहे!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. ठिपके तिथेच होते.

"पण... खाच तर जुळते," ते हळूच म्हणाले.

"माझी चप्पल आणि ठोंब्याची चप्पल, दोन्ही माझ्या पायात शिरतात," भिंगरी म्हणाली. "पण एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसरी घालून पळून दाखवा!"

आजोबा एवढ्या मोठ्याने हसले, की हातगाडी हलली.

काकांनी मग स्वतःच टेबल रिकामं केलं. जुना पुठ्ठा अंथरला. अंगातली वीज उतरावी म्हणून हात लोखंडी कपाटाला लावून मगच तिन्ही आजारी डब्यांतल्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि पहिल्यांदाच प्रत्येक लेबल वाचलं. सहा पट्ट्या. जोड्या लावायचं काम मास्तरणीने ओढूनच घेतलं. ज्यांचे आकडे, कंपनी आणि अंगावरच्या काळ्या चिपांची मांडणी सारखी, त्या शेजारी शेजारी. तीन जोड्या झाल्या! खरंच, तिन्ही डब्यांत एकही जोडी धड नव्हती.

"आता हा जोड डॉक्टरबाईंचा," काका म्हणाले. बसवला. डॉक्टरबाईंनी झेब्र्याचा फोटो पुन्हा उघडला. दाढ! पांढरीशुभ्र, एकही पट्टा नाही!

"हा ताईंचा, आणि हा आजोबांचा." दोन्ही बसवले. आत्याचा डबा सुरू झाला, पण गोगलगाईसारखा रांगायला लागला. आणि आजोबांचा? आजोबांच्या डब्याने "पीं" सुद्धा केलं नाही. काळा पडदा. एकदम चिडीचूप!

आजोबांचा चेहरा उतरला. "मेला का माझा?"

काकांचा हात सवयीने चापट मारायला उठला. "थांबा!" भिंगरी ओरडली. डोळे मिटून तिने पुन्हा दोरी डोळ्यांसमोर आणली. आता दोन्ही टोकं एका चालीने फिरताहेत. दोघं भराभर. मग अडतंय कुठे? उडी मारणारा! उडी मारणारे आहेत आजोबा!

"काका, आजोबांचा बोर्ड जुना आहे ना? आणि या पट्ट्या धावणाऱ्या. त्याला त्या झेपत नसतील! आणि आत्याचा बोर्ड नवा, त्याला आपण चालणाऱ्या दिल्यात!"

काकांनी लेबलं पुन्हा बघितली. बोर्डावरचं नाव वाचलं. मग दोन्ही जोड्यांची जागा बदलली. आजोबांनी बटणावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले.

"पीं."

एकच! आणि पडद्यावर छापखान्याचं चित्र उमटलं. "बघा, बघा! प्रामाणिक आहे माझा!" आजोबांनी डब्यावरून हात फिरवला.

"ताई, तुमचंही झालं. न्या," काका म्हणाले.

"नाही!" भिंगरी म्हणाली. "तो तासन्‌तास चालणारा प्रोग्रॅम लावा. मधेच बिघडला तर आत्याकडे आता पुन्हा पुन्हा वाचायला वेळ नाही."

"अगं, पण त्याच्यापुढे बसणार कोण?"

"मी."

ठोंब्याला ठसका लागला. मास्तरणीने आयुष्यात पहिल्यांदा काहीच दुरुस्त केलं नाही.

आणि भिंगरी बसली! दोन्ही हात मांडीखाली दाबून, नजर स्क्रीनवर. कॉम्प्युटर ओट्याचा कोपरा न्‌ कोपरा ठोकून बघत होता. चूक सापडली की लाल ओळ येणार होती. शेपटाने येऊन विचारलं, "उडी मारायला येतेस?" भिंगरीने मान हलवली. ठोंब्याने कणीस आणून दिलं, ते तिने स्क्रीनवरची नजर न काढता खाल्लं. नाकाला खाज आली. पायाला मुंग्या आल्या. दुकानाच्या दारातून ऊन आत आलं आणि सरकत सरकत बाहेर गेलं.

लाल ओळ आली नाही. एकसुद्धा नाही!

*

शनिवारी सकाळी लाल दिवा लागला. या वेळी खोलीत दोघी होत्या. "तू आत ये," आत्याच म्हणाली होती. "स्क्रीनवर लक्ष ठेव. काही दिसलं तर हात वर कर. बाकी हलायचं नाही हं!"

भिंगरी रजयांच्या मधे स्टुलावर बसली. आत्या वाचत होती, हृदय कसं आकसतं, कसं फुलतं, रक्त कुठून येतं, कुठे जातं. पाच मिनिटं झाली. भिंगरीचे डोळे स्क्रीनवर खिळलेले. आत्याने पान उलटलं. शेवटचं पान! याच पानावर... आत्याचा आवाज जरासा कापला, पण ती वाचत राहिली. शेवटचं वाक्य. पूर्णविराम!

स्क्रीन निळा झाला नाही. धडा शहाण्यासारखा आपल्या जागी जाऊन बसला.

लाल दिवा विझला आणि घरात असा काही आरडाओरडा झाला, की शेजारची मंडळी गॅलरीत आली! उरलेले धडे दुपारी झाले आणि संध्याकाळी ठोंब्या आणि आत्या पुस्तक स्वतः शाळेत देऊन आले.

सोमवारी संध्याकाळी होऊनजाईल काका घरी आले, हातात एक मोठा डबा घेऊन. मुलांनी झाकण उघडलं. आत कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायला चिठ्ठी चिकटवलेली.

"ताट घरी दिलं," काका म्हणाले. "क्लासच्याही पट्ट्या ज्याच्या त्याला दिल्या. आता एका वेळी एकच डबा उघडतो. ताई, तुमच्या मुलांवर व्हायरसचा आळ घेतला मी, ते चुकलंच. आणि ही पोरगी माझ्याकडे कधीही बसायला आली, तर खुर्ची रिकामी ठेवीन!"

"ती बसेल तर ना!" मास्तरीण म्हणाली.

"चुकलं माझंसुद्धा," आत्या म्हणाली आणि तिने भिंगरीचं डोकं आपल्या खांद्याशी ओढलं. "न विचारता तुझ्याकडे बघितलं मी."

"अगं, विचारलंस की!"

"विचारलं. पण ऐकलं नाही."

इतक्यात फोन वाजला. शाळेच्या बाई होत्या. आत्याने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"ताई, मुलांनी सकाळपासून तुमचं पुस्तक सोडलेलं नाही! आणि सगळ्यांत आवडला तो हृदयाचा धडा. काय सुंदर कल्पना हो तुमची! वाचताना मागे हळूच हृदयाचा आवाज घातलात. ठप-ठप, ठप-ठप! शेवटच्या पानावर तर जरा जोरातच! माझ्या तर लक्षातही आला नव्हता, पण आमच्या मुलांचे कान फार तिखट. वर्गात सगळे छातीवर हात ठेवून ताल जुळवत होते. कुठून मिळवलात हा आवाज?"

आत्या गोंधळली. तिने तर असा काही आवाज घातलाच नव्हता. त्या खोलीत ती होती, माईक होता आणि...

तिने हळूच टेबलाखाली वाकून बघितलं.

भिंगरीचा उजवा पाय फरशीवर आपल्याच नादात आपटत होता. ठप-ठप, ठप-ठप.

"घरचाच आहे," आत्या फोनमध्ये म्हणाली. "हवा तेवढा आहे आमच्याकडे!"